रशियाचे कागद आणि मायचा नवस

मी काही मोठा भाविक माणूस नाही. देऊळ दिसले की हात जोडले जातात, पण त्यात सवयच जास्त. चमत्काराच्या गोष्टी कोणी सांगू लागला की माझे लक्ष आपोआप दुसरीकडे जाते. म्हणूनच ही हकिगत मी इतकी वर्षे कोणाला सांगितली नाही. आपलेच बोलणे आपल्याला खोटे वाटेल, अशी धास्ती होती. आता वय झाले, भीड चेपली, तेव्हा जसे घडले तसे लिहितो. त्याला कृपा म्हणायचे की योगायोग, यावर मी कोणाशी वाद घालणार नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडे पाहावे तिकडे लाल मुरूम, खणलेले पाये आणि लोखंडाचे उघडे सांगाडे. आम्ही वैनगंगेकाठचे कास्तकार. वडील गेल्यावर शेत काकांच्या हवाली करून मी मॅट्रिकच्या दाखल्यावर इथे फिटर म्हणून लागलो आणि वर्षभराने मायला घेऊन आलो. दोन खोल्यांचा नवा क्वार्टर मिळाला होता. भिंतीला टेकले की पाठ चुन्याने पांढरी व्हायची. अशात भट्टीचे काम शिकायला रशियाला पाठवायच्या तुकडीत माझे नाव लागले. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. आमच्या गावात नागपूर पाहिलेली माणसे मोजकी, आणि मी रशियाला निघालो होतो. मायला सांगितले तेव्हा तिने आधी विचारले, "तिथं भात भेटते का?" आणि मग पदराने डोळे पुसले.

नाव लागल्यावर खरा ताप सुरू झाला तो कागदांचा. आमच्या तुकडीचे सगळे कागद कचेरीतले नाना पाहत. नागपूरचे, पन्नाशीचे कारकून. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज वरच्या पट्टीत. व्हिसाचा अर्ज दोन भाषांत छापलेला होता. रशियन बाजूची अक्षरे अर्धी ओळखीची, अर्धी उलटी बसवल्यासारखी. नाना एकेका रकान्यावर बोट ठेवून विचारत आणि मी सांगत जाई. बापाचे नाव, आजाचे नाव, दोन्ही कान दिसतील असे फोटो, छातीचा एक्स-रे, दुर्गच्या कचेरीतून चांगल्या वागणुकीचा दाखला. असे करता करता नाना आरोग्याच्या कागदावर आले. देवीची लस टोचली आहे का? पहिल्यांदा कधी? मी पटकन म्हणालो, "लहानपणी." नानांनी लिहून घेतले. ते धादांत खोटे होते.

हे खोटे मी का बोललो, ते सांगायला घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. माझ्याआधी मायला एक मुलगा होता, गणपत. तो देवीच्या साथीत गेला, एवढेच मला ठाऊक होते. त्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. पुढे मी वर्षाचा असताना गावात पुन्हा साथ आली आणि मला ताप भरला. तेव्हा माय शिवेवरच्या मातामायच्या ओट्यावर जाऊन पडली. आमच्याकडे गावोगाव शिवेवर मातामाय असते, झाडाखाली शेंदूर लावलेले दगड. देवी हा आजार नाही, ती स्वतः माताच घरी येते, असे आमचे लोक मानत. मायने तिथे नवस बोलला की हे लेकरू वाचव, तुझ्या कामात मी कोणाचा हात पडू देणार नाही, याला कधी टोचू देणार नाही. मी वाचलो. अंगावर एक फोडसुद्धा उठला नाही. मग गावात देवी टोचणारा आला की माय मला धान्याच्या कणगीत बसवी आणि वरून सूप झाकी. शाळेत असताना एकदा सगळ्या पोरांना रांगेत उभे केले, तर ही बाई शेतातून धावत आली आणि मास्तरांच्या देखत माझा हात धरून घेऊन गेली. दुसऱ्या पोरांच्या दंडावर नाण्याएवढे वण होते, माझा दंड कोरा. त्याची मला लाज वाटे. नानांसमोर तीच लाज बोलली असावी.

एके दिवशी नानांनी मला बोलावून घेतले. "अरे बाबा, तुझं सगळं आलं. देवी टोचल्याचं पुस्तक तेवढं राहिलं. आजपासून बाराव्या दिवशी गठ्ठा दिल्लीला जातो, त्याच्यात ते नसलं तर तुझा अर्ज मी बाहेर काढून ठेवीन. मग रडायचं नाही." मी म्हटले, आणतो. नाना म्हणाले, "तुझं सोपं आहे. ज्याले लहानपणी टोचलं त्याले आज टोचलं की आज सही. पहिल्यांदा टोचणाऱ्याचं लचांड असते. आठव्या दिवशी देवी उठली की नाही, म्हणजे फोड आला की नाही, ते पाहूनच डॉक्टर सही करतात." मी मान हलवली आणि बाहेर आलो.  बारापैकी आठ दिवस असेच जाणार होते, आणि डॉक्टरने माझा दंड पाहिला की खोटे उघडे पडणार होते. पण हे सगळे नंतरचे. त्याच्या आधी मायचा नवस होता.

त्याच संध्याकाळी जेवताना मी विषय काढून पाहिला. माय ताटात भात वाढत होती. मी म्हटले, तिकडे जाणाऱ्या सगळ्यांना टोचून घ्यावे लागते. तिचा हात थांबला. "सगळ्याइले लागत असन. तुले नाही." मी म्हटले, मग जाता येणार नाही. "तं नको जाऊ. मी तुले पाठवून राहिली का? इथं का भट्टी नाही?" आणि ती उठून परसात गेली. मला राग आला. एवढी वर्षे शेजाऱ्यांना माझा पोरगा साहेब होणार म्हणून सांगणारी हीच बाई, आणि आता दंडावरच्या एका ओरखड्यासाठी सगळ्यावर पाणी सोडायला निघाली. पण रागाबरोबर भीतीही होती, हे कबूल केले पाहिजे. कारखान्यात मी विज्ञानाच्या गोष्टी करायचो, पण मातेचे नाव निघाले की माझ्याही मनात ते कणगीतले पोर दडून बसे. तिने वाचवलेला जीव आपण तिच्याविरुद्ध न्यायचा, आणि परमुलखात काही झाले तर? मायला नवस मोडायला सांगायची माझी छाती होत नव्हती. आणि न मोडता जायचे तर एकच वाट होती.

ती वाट मी दुसऱ्याच दिवशी धरली. दुर्गला एका खाजगी दवाखान्यात आमच्या भागातला एक कंपाउंडर होता. त्याच्याजवळ रडगाणे गायले. तो म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच? गाववाला आहेस." आणि त्याने डॉक्टरची सही आणि शिक्का आधीच असलेले एक पुस्तक माझ्या हातात ठेवले. नाव आणि तारीख तेवढी माझ्या हाताने घालायची होती. ना टोचणे, ना नवस मोडणे. मी पुस्तक शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले आणि सायकलवर बसलो. खरे तर हलके वाटायला हवे होते. पण पुस्तक छातीला टोचत होते आणि माझे कशात लक्ष लागत नव्हते.

दुर्ग ओलांडताना तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सायकलची चेन उतरली. तिथे कडुनिंबाखाली शीतला मातेचे एक लहानसे ठाणे आहे. मी तिकडे पाठ करूनच चेन बसवत होतो. तेवढ्यात मागून हाक आली. एक म्हातारी ओटा झाडत होती. इकडच्या खेड्यातल्या बायकांसारखे एकच लुगडे, हातात जाड कडी, केस पांढरेफटक. तिने पाण्याने भरलेल्या हंड्याकडे बोट केले. मातेला गार पाणी घालायचे होते, तिला तो उचलत नव्हता. माझे हात काळे झाले होते, तसे मी म्हणालो. ती म्हणाली, "पानी म धोवा जाही." पाण्याने धुतले जातील. मग मी हंडा उचलून ओट्यावर नेला आणि तिच्या सांगण्याप्रमाणे शेंदराच्या दगडांवर हळूहळू पाणी सोडले. ती शेजारी उभी राहून हाताने पाणी पसरवत होती. तेव्हा तिचा उघडा दंड माझ्या डोळ्यांपुढे आला. त्यावर देवी टोचल्याचे चार मोठे, जुने वण होते.

मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत विचारले, "दाई, तुम माता की सेवा करती हो, और टीका भी लगवाया?" मला तिला कोंडीत पकडायचे होते, असेही असेल. तिने दंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाली, "टीका वाला ला घलो माताच भेजे हे, बेटा. सुजी के रद्दा ले आथे त थोरिक आथे. दुवारी बंद करबे, त छानी डहर ले आही, अउ भर के आही." म्हणजे, टोचणाऱ्यालाही मातेनेच पाठवले आहे, सुईच्या वाटेने आली तर ती थोडकी येते, दार लावून घेशील तर छपरातून येईल आणि पुरी येईल. मग माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "झन डर्रा. जा, तोर दाई रद्दा देखत होही." भिऊ नको, तुझी आई वाट पाहत असेल. मी माझ्याबद्दल, मायबद्दल किंवा खिशातल्या पुस्तकाबद्दल तिला एक अक्षर सांगितले नव्हते.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. माय तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो, पुस्तक काढून सुपात ठेवले आणि सगळे सांगून टाकले. नानांशी बोललेले खोटे, कंपाउंडरचे कोरे पुस्तक, म्हातारीचे वण आणि तिचे बोलणे, काही लपवून ठेवले नाही. वर हेही सांगितले की तू नाही म्हणशील तर मी टोचून घेणार नाही आणि हे खोटे पुस्तकही देणार नाही; नाव कापले गेले तरी चालेल. हे मी ठरवून आलो नव्हतो.  मायने पुस्तक उचलून चुलीत घातले आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली. तो दिवस आणि पुढचा सगळा दिवस ती जेवली नाही, माझ्याशी बोललीही नाही. मी मनातल्या मनात रशियाला राम राम ठोकला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून, धुतलेले लुगडे नेसून दारात उभी होती. "चाल. त्या बाईले पाह्यचं आहे मले." मी तिला सायकलवर मागे बसवून दुर्गला नेले. ठाण्यावर एक मध्यमवयाचा पुजारी ओटा सारवत होता. मी म्हातारीबद्दल विचारले. तो म्हणाला, इथली झाडलोट मी आणि माझी बायको करतो, अशी कोणी बाई इथे नाही. पाळीवर कपडे धुणाऱ्या बायांना विचारले, त्यांनाही आठवेना. कोणी वाटसरू असेल, नवस फेडायला आलेली असेल; गावोगावच्या बाया येतातच. मी त्यावर अधिक काही म्हणत नाही. मला वाटले, आता माय परत फिरणार. पण तिने पुजाऱ्याकडून लोटाभर पाणी मागून घेतले, मातेला घातले आणि ओट्यावर डोके टेकून बराच वेळ बसली. उठली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना. "नवस म्या बोलला होता," ती म्हणाली. "सोडवून बी म्याच घेतला. आता कुठं टोचते तिथं ने."

कारखान्याच्या दवाखान्यात टोचायच्या टेबलाशी एक मल्याळी सिस्टर होती. मी बाही वर करू लागलो तर माय मला बाजूला सारून पुढे झाली आणि तिने स्वतःचा दंड टेबलावर ठेवला. सिस्टर म्हणाली, "माताजी, आपका नहीं, बेटे का है." माय म्हणाली, "पह्यले मले. रागावली तं माह्यावर रागावू दे, पोरावर नाही." सिस्टरला भाषा कळली नाही, पण मायचा आवाज कळला असावा. तिने हसून आधी तिलाच टोचले. मायने डोळेसुद्धा मिटले नाहीत. मग मी बसलो, आणि सिस्टरने कातडीवर दाबून फिरवायचे लहानसे हत्यार हातात घेतले, तशी मायने दोन्ही हातांनी माझा दंड घट्ट धरला. पंचविशीतल्या फिटरचा हात असा कोणी धरत नाही, मी ओशाळून म्हणालो, "माय, सोड, मी हलत नाही." ती सोडेना. तिचे हात गार पडले होते. आणि मग ती, सिस्टरसमोर, खाली बघत म्हणाली, "गणपतले असाच म्याच धरला होता. टोचणारा आला तवा सगळ्या बाया पळाल्या, म्याच एकटीनं लेकरू पुढं केलं. आठा दिवसानं त्याले देवी आली. लोक म्हणे, तूच धरून देल्लं."

 इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. टोचणारा उशिरा आला असेल, साथ तोवर पोराच्या अंगात शिरलेली असेल. हे मला तेव्हाही कळत होते, आणि सिस्टरने ते मायला पुढे समजावूनही सांगितले. पण त्या क्षणी मला एवढेच दिसले की नवस मातेच्या धाकाने बोललेला नव्हता. मायचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता, आणि ती तेच हात आज पुन्हा पुढे करत होती. टोचून कधी झाले ते मला कळलेही नाही. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

सिस्टरने सांगितले, आठव्या दिवशी या. उठली नाही तर पुन्हा टोचावी लागेल. पुन्हा टोचायचे तर गठ्ठा निघून गेलेला असणार, कारण आठवा दिवस संपला की दुसऱ्या सकाळी तो दिल्लीला जाणार होता. नानांना जाऊन खरे सांगितले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, कागदावरचे 'लहानपणी' खोडले, वर नीट लिहिले आणि बाजूला माझी सही घेतली. "आधी सांगितलं असतं तर तुले खाल्लं असतं का कोणी?" एवढेच बोलले. मग वाट पाहणे आले. एरवी मी खटपट करणारा माणूस. कुठे ओळख काढ, कुठे चकरा मार. इथे करण्यासारखे काहीच नव्हते. चौथ्या दिवसापर्यंत दंड जसाच्या तसा होता. कामावर जायचो, बोल्ट आवळायचो आणि मधूनच बाही वर करून बघायचो. पाचव्या दिवशी मी बघणे सोडले. हात जोडून म्हटले, माते, जायचे असेल तर जाईन, नसेल तर इथेच भट्टी आहे. हे मी आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता म्हटले.

मायच्या दंडावर काहीच उठले नाही. सिस्टर म्हणाली, त्यांना लहानपणी देवी येऊन गेली असेल. मायचे म्हणणे निराळे. "माह्याकडं तिचं काही काम नव्हतं." माझ्या दंडावर मात्र सहाव्या दिवशी लाल गाठ आली, सातव्या दिवशी तिच्यात पाणी भरले आणि अंग तापले. मग मायने घरात मातेचे सगळे पाळायला घेतले. फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात मोठ्याने बोलायचे नाही. मी खाटेवर पडलो होतो. ती उशाशी बसून निंबाच्या पानांनी वारा घालत होती आणि माझ्याशी नाही, माझ्या दंडाशी बोलत होती. पाहुणीशी बोलावे तसा तिचा सूर होता, थोडा भीतभीत आणि पुष्कळसा हक्काचा. इतक्या वर्षांत मी तिला देवापुढे रडताना पाहिले होते, विनवताना पाहिले होते. अशी बोलताना कधीच नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी दंड पाहून सही केली. मी ताप अंगात घेऊनच पुस्तक नानांच्या टेबलावर ठेवले, आणि सकाळी गठ्ठा दिल्लीला गेला. पुढे व्हिसा आला, मी जाऊन आलो, आयुष्यभर भट्टीच्या उजेडात भाकरी कमावली. ती तळ्याच्या पाळीवरची म्हातारी मला पुन्हा दिसली नाही आणि मी शोधलीही नाही. शरण जाणे म्हणजे काय, हे मला पोथीतून कळले नसते. ते मी त्या सातव्या दिवशी खाटेवर पडून, तापलेल्या कानांनी ऐकले. माय वारा घालता घालता म्हणत होती, "आली, बरं केलं माय. बैस. जे घ्यायचं ते घे, म्या दार लावलं नाही. पण जमलं तं लवकर उठ, पोराले गाडी धरायची आहे."